नऊ गोळ्या

सोफा तिसऱ्यांदा हलला, तेव्हाच सुचेतानं ठरवलं की आज काही झालं तरी तोंड उघडायचं नाही. आज लेकीचा, वैभवीचा, साखरपुडा. पुरुषोत्तमभाऊजींनी सोनेरी कागदातला साखरेचा पुडा आपल्या हातानं होणाऱ्या जावयाच्या, रादूच्या ओंजळीत ठेवला की झालं. मग त्यांनी सोफा बागेत नेऊन ठेवला तरी तिची हरकत नव्हती. तोवर मूग गिळायचे. तीस वर्षं गिळत आली होती, अजून एक दुपार गिळल्यानं काही पोट फुटणार नव्हतं.

"शशी, असं नाही रे, असं! अण्णांच्या फोटोकडे कुणाची पाठ येता कामा नये," भाऊजी म्हणाले.

"हो दादा," म्हणत तिच्या नवऱ्यानं, शशिधरनं, सोफ्याचं दुसरं टोक पुन्हा उचललं. माणूस साठीला टेकलेला, कमरेला पट्टा बांधलेला, आणि घर स्वतःचं, साउथहॅम्प्टनमधलं, स्वतः घेतलेलं. पण दादा मँचेस्टरहून आला की हे घर दादाचं होई, आणि शशिधर त्यातला हरकाम्या. सुचेता स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती आणि हातातल्या पुड्याला गोट लावत होती. गोट जरा वाकडाच लागला. रागात लावलेला गोट सरळ कसा लागेल?

भाऊजी मोठे सर्जन, आता निवृत्त. शशिधरला सत्त्याहत्तर साली त्यांनीच इंग्लंडला आणलं, आणि त्या उपकाराचा निखारा कधी विझू दिला नाही. शशिधर मात्र सर्जनच्या फेलोशिपच्या परीक्षेला तीनदा नापास झाला, आणि हॉस्पिटलच्या ए अँड ईमध्ये, म्हणजे अपघात विभागात, जन्मभर दुय्यम जागेवर राबला. कुठल्याही पाहुण्याशी भाऊजी त्याची ओळख करून देत ती अशी, "हा माझा धाकटा. हुशार हो, पण तीनदा गटांगळी खाल्ली." पाहुणे हसत. शशिधरही हसे. त्या हसण्याचा सुचेताला सगळ्यात जास्त राग यायचा.

आणि ह्या घराण्याचा दुसरा जप म्हणजे अण्णा. दोघांचे वडील. बेचाळीसच्या चळवळीत साताऱ्यात त्यांच्या पोटरीत गोळी लागली. त्या एका गोळीवर हे घराणं साठ वर्षं ताठ मानेनं उभं होतं. सून आणताना गोळी निघाली, मुलगी देताना गोळी निघाली. सुचेताच्या लग्नाच्या बैठकीतसुद्धा तिच्या वडिलांना विचारलं होतं, "आपल्याकडे चळवळीत कोण होतं?" तिचे वडील पोस्टमास्तर होते. ते बिचारे म्हणाले, "आम्ही तारा पोचवल्या."

मग अशा घरात रादू कसा खपावा? जानेवारीत वैभवीनं त्याचं नाव काढलं तेव्हा भाऊजी फोनवर इतके ओरडले की शशिधरनं रिसिव्हर कानापासून लांब धरला. "रोमेनियन? पेपर वाचतोस का रे? बसेस भरभरून येताहेत! आणि नाव काय म्हणे? रडू? जावई करताय की तान्हं बाळ दत्तक घेताय?" तीस-पस्तीस वर्षांपूर्वी स्वतः एक सूटकेस घेऊन इथे उतरलेला माणूस आता दुसऱ्यांच्या सूटकेसी मोजत होता.

दादाचा होकार नाही म्हटल्यावर शशिधरनं मान खाली घातली. आणि बाबांच्या आशीर्वादाशिवाय वैभवी पाऊल टाकेना. ती मिल्टन कीन्सला एकटी राहणारी, चांगल्या नोकरीतली, तिशीची मुलगी. पण बाबांसाठी ती थांबली. दोन महिने घरात सुतक असल्यासारखं होतं. मग मार्चमध्ये एक दिवस भाऊजींचाच फोन आला. "घराण्याची चौकशी केली मी. अण्णांच्या घराला शोभेल असं आहे. जूनमध्ये बार उडवून द्या!"

कसली चौकशी, कुणाकडे, काही कळलं नाही. सुचेतानंही विचारलं नाही. देव पावला तर त्याला कारण विचारू नये.

*

रादू आणि त्याची आजी तीनच्या सुमारास आले. रादू वैभवीच्याच ऑफिसात नेटवर्क सांभाळायचा. उंच, जरा पोक काढून चालणारा, हसला की डोळे मिटणारा. आदल्या रात्री युरो कपात रोमेनियानं इटलीला बरोबरीत रोखलं होतं, त्यामुळे स्वारी भलतीच खुशीत होती. आईवडील लहानपणीच गेले. ह्या व्हिओरिका आजीनंच त्याला वाढवलं. ती त्यांच्या क्लुज शहरातून नातवाच्या साखरपुड्यासाठी पहिल्यांदाच विमानात बसून आली होती. पंचाहत्तरीच्या पुढची, चणीनं एवढीशी, पण हात मात्र चांगले रुंद, कष्टाचे.

आजीनं पिशवीतून पातळ कागदात गुंडाळलेली एक वस्तू काढली. तपकिरी लोकरीची जुनी टोपी, कड झिजलेली.

"माझ्या पणजोबांची, म्हणजे आजीच्या वडिलांची," रादू इंग्रजीत म्हणाला. "त्या दिवशी देशासाठी उभे राहिले ते ही घालून. आजीला वाटलं, आज ती इथे असावी."

भाऊजी पुढे झाले. त्यांनी टोपी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली. त्यांच्या डोळ्यांत पाणी तरळलं. मग ती त्यांनी नेऊन अण्णांच्या फोटोशेजारी ठेवली आणि हारातलं एक शेवंतीचं फूल काढून तिच्यावर वाहिलं. आजीनं भाऊजींचा हात हातात घेऊन थोपटला. रादूचा चेहरा फुलला.

सुचेता चक्रावली. रादूचे पणजोबा फुटबॉलचे गोलकीपर होते हे वैभवीनं तिला सांगितलं होतं. पण भाऊजींना फुटबॉलचं एवढं प्रेम कधीपासून? मँचेस्टरला इतकी वर्षं राहून टीव्हीवर फुटबॉल लागला की "बंद करा ते लाथा मारणं" म्हणणारा हा माणूस!

स्वयंपाकघरात मधुमतीवहिनी श्रीखंडात केशर घोटत होत्या. वहिनी म्हणजे भाऊजींची बायको. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याच्या विरुद्ध अवाक्षर काढल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

"वहिनी, भाऊजी टोपीला फूल वाहताहेत!"

"वाहू देत. आज भाषण आहे त्यांचं. मँचेस्टरपासून गाडीत तेच चाललंय. मी ऑक्सफर्डपर्यंत ऐकलं, मग झोप लागली."

"कसलं भाषण?"

"सरप्राइज आहे म्हणे," वहिनी म्हणाल्या आणि वाटीभर श्रीखंड चाखत राहिल्या.

*

इथल्या महाराष्ट्र मंडळातली चार कुटुंबं आली. कुंकू लागलं, ओटी भरली. आता पुडा द्यायचा. ताटात नारळ, निरांजन, अक्षता आणि मधोमध तो सोनेरी पुडा. भाऊजींनी ताट हातात घेतलं, आणि सगळे सरसावले तोच त्यांनी ते पुन्हा टेबलावर ठेवून घसा खाकरला. आजीला कळावं म्हणून भाषण इंग्रजीत होतं. रादू तिच्या कानाशी वाकून हळूहळू अर्थ सांगू लागला.

अण्णा झाले, सातारा झाला, पोटरी झाली. मग भाऊजींनी हात वर केला.

"माय फादर टूक वन बुलेट फॉर हिज कंट्री. बट धिस बॉयज् ग्रेट-ग्रँडफादर..." त्यांनी टोपीकडे बोट दाखवलं. आवाज दाटून आला. "नाइन! नाइन बुलेट्स, लेडीज अँड जेंटलमेन! अँड स्टिल ही डिड नॉट लीव्ह हिज पोस्ट!"

कुणीतरी टाळी वाजवायला हात उचलले. रादूचं कुजबुजणं अर्ध्यावर थांबलं. आजीनं त्याला कोपरानं ढोसलं, काय म्हणाले ते? त्यानं सांगितलं. आजीनं एकदा टोपीकडे पाहिलं, एकदा भाऊजींकडे, आणि मग ती हसली. छातीवर हात ठेवून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली.

"सर," रादू कानापर्यंत लाल झाला होता, "बुलेट्स नाही. गोल्स. पणजोबा गोलकीपर होते. नऊ गोल झाले त्यांच्यावर."

मंडळाचा मिलिंद आधी नाकातून फुसकला. मग त्याची बायको. "पोस्ट सोडली नाही, म्हणजे गोलपोस्ट!" असं कुणीतरी मागून म्हणालं आणि सगळी खोली फुटली. सुचेतालाही हसू आलं, पण तिनं ते दाबलं. कारण तिनं भाऊजींच्या कानांकडे पाहिलं होतं. ते कान लाल झाले की पुढे काय होतं, हे तिला पाठ होतं.

"वैभवी," भाऊजी अगदी हळू म्हणाले. "इकडे ये. तू मला काय सांगितलं होतंस फोनवर?"

"काका, मी मराठीतच सांगितला ना तुम्हाला." इंग्रजी सोडून मराठीत बोलायचं म्हटलं की वैभवी घाबरायची, पण ती बोलत राहिली. "तुम्ही म्हणाला, इंग्लिश नको, आपल्या भाषेत बोल. मग मी म्हणाली, त्याचे पणजोबा देशासाठी उभे राहिले, नऊ गोळ्या खाल्ल्या, तरी जागा सोडला नाही."

"गोळ्या!"

"हो ना. बाबा म्हणतात मॅच बघताना, कीपरनं गोल खाल्ला. एक असला की गोल. मग खूप असले की गोळ्या. पोळी, पोळ्या. तसा." तिनं बाबांकडे पाहिलं. "चुकला का?"

शशिधरला हसू आवरलं नाही. बऱ्याच वर्षांनी तो मनापासून हसला, आणि तेच भाऊजींना झोंबलं.

"हसतोस? मँचेस्टरच्या अख्ख्या मंडळाला सांगून बसलोय मी! आमचे सोयरे असे, आमचे सोयरे तसे. आता कुठल्या तोंडानं जाऊ तिथे?"

"दादा, पोरीची चूक झाली भाषेची. त्यात एवढं..."

"एवढं? अरे, देशासाठी खेळायला मिळालं आणि नऊ गोल खाऊन आला! आणि त्याची टोपी मी अण्णांच्या शेजारी ठेवली!" भाऊजींनी तरातरा जाऊन ती टोपी उचलली आणि दाराकडे भिरकावली. ती चपलांच्या ढिगात जाऊन पडली. शेवंतीचं फूल तिथेच गालिच्यावर राहिलं.

आजीचं हसणं थांबलं. तिला मराठी कळत नव्हतं, पण टोपी फेकलेली कुठल्याही भाषेत कळते.

"आणि तुला तरी काय बोलू शशी?" भाऊजी थांबायला तयार नव्हते. "नापासाला सोयराही नापासच मिळायचा. देवानं जोडी बरोबर लावली."

सुचेताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोलीभर मंडळाची माणसं होती, होणारा जावई होता, आणि हा माणूस तिच्या नवऱ्याला पोटच्या मुलीसमोर नापास म्हणत होता. तिनं शशिधरकडे पाहिलं. तो डोळ्यांनीच विनवत होता, आजचा दिवस जाऊ दे. तिनं पदर मुठीत आवळला आणि गप्प राहिली. पुडा अजून दिलेला नव्हता.

*

आजी उठली. चपलांच्या ढिगापाशी गेली, वाकली, टोपी उचलली. तळहातानं तिच्यावरची धूळ झटकली आणि तशीच खोलीच्या मधोमध येऊन उभी राहिली. रादूला काहीतरी म्हणाली.

"ती म्हणते, मी बोलते, तू नीट सांग. एकही शब्द गाळायचा नाही." मग रादूनं आजीचं बोलणं सांगितलं. इंग्रजीत, अडखळत.

तिचे वडील रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. क्लुजच्या मैदानावर चेंडू अडवायला लागले तेव्हा ते शहर हंगेरीत होतं. पहिलं महायुद्ध झालं आणि शहर रोमेनियात गेलं. "माझे वडील जागचे हलले नव्हते. देश हलला. मैदान तेच, खांब तेच, अंगातल्या जर्सीचा रंग तेवढा बदलला." हातमोजे नव्हते. उघड्या हातांनी चेंडू अडवायचे. उजव्या हाताची दोन बोटं मोडून वाकडी जुळली होती, त्या बोटांनी त्यांना चमचा नीट धरता येत नसे.

देशाच्या संघात नेहमीचा कीपर आजारी पडला म्हणून ह्यांना बोलावणं आलं. लाकडी बाकांवर दिवसेंदिवस आगगाडीचा प्रवास, आणि उतरल्या उतरल्या मॅच. समोरचा संघ तगडा. गोल होऊ लागले. सहावा झाला तेव्हा कॅप्टन जवळ येऊन म्हणाला, पाय मुरगळल्याचं सोंग कर, आडवा पड, दुसऱ्या कुणाला तरी उभं करतो, तुझी अब्रू राहील. ते म्हणाले, पाय ठीक आहे माझा.

"प्रत्येक गोल झाला की ते स्वतः जाळ्यात जायचे," रादू सांगत होता. "इतर कीपर रागानं चेंडूला लाथ मारतात. ते नाही. चेंडू हातानं काढायचे, जर्सीला पुसायचे आणि मधल्या रेषेपर्यंत चालत जाऊन कॅप्टनच्या हातात द्यायचे. नऊ वेळा."

गावी आले तर लोकांनी नाव पाडलेलं, चाळणी. पेपरात चित्र आलं, खांबांच्या मध्ये माणसाऐवजी पिठाची चाळण. देशानं पुन्हा बोलावलं नाही. पण पुढच्या रविवारी रेल्वेच्या संघाची मॅच होती, आणि ते तीच टोपी घालून खांबांमध्ये जाऊन उभे राहिले. लोक हुर्यो करत होते तरी उभे राहिले. पुढे कितीतरी वर्षं राहिले. शेवटी शेवटी लोक चाळणी म्हणायचे ते प्रेमानं.

आजीनं टोपी छातीशी धरली. "मी लहान असताना आदळआपट करून दूध सांडलं की ते मला म्हणायचे, गोल ज्यानं खाल्ला, चेंडू त्यानंच काढायचा. आईला बोलवायचं नाही." ती भाऊजींकडे बघत होती. "मला लाज नाही वाटत त्यांची. तुम्हाला वाटत असेल तर तसं सांगा. टोपी फेकू नका."

मिलिंद खाली मान घालून उभा होता. सुचेताला वाटलं, आता तरी. आता भाऊजी दोन शब्द म्हणतील. मोठा माणूस आहे, शिकलेला आहे.

"झालं?" भाऊजी म्हणाले. "चाळणीची कथा ऐकायला मी दोनशे मैल गाडी हाकली नाही. माझ्या हातानं हे होणार नाही." त्यांनी ताट उचललं आणि शशिधरच्या दिशेनं टेबलावर आदळलं. "तुझी मुलगी, तुझे सोयरे. घे!"

निरांजन विझलं. नारळ गडगडत सोफ्याखाली गेला. पुडा आधी कलला, मग टेबलाच्या कडेवरून सुटला आणि खाली टोकावर आपटून फुटला. साखर सगळ्या गालिच्यावर उधळली. सोफ्याखाली, पाहुण्यांच्या पायांत, अण्णांच्या फोटोखालपर्यंत.

भाऊजींनी साखरेकडे पाहिलं. क्षणभर तेही दचकले. पण लगेच त्यांना त्यांची नेहमीची वाट सापडली.

"सुचेता," ते म्हणाले, "ते आवर जरा."

आणि सुचेता निघालीसुद्धा! केरसुणीकडे एक पाऊल टाकलं तिनं. तीस वर्षांची सवय, पाय आपोआप उचलला गेला. पायाखाली साखर करकरली, आणि त्या आवाजानं ती थांबली.

"नाही," ती म्हणाली.

"काय?"

"नाही आवरणार."

"सुचेता, पाहुणे आहेत..."

"पाहुणे आहेत हे आत्ता आठवलं? मघाशी ह्यांना नापास म्हणालात तेव्हा पाहुणे नव्हते? रादू नव्हता? ही माझी मुलगी नव्हती?" तिचा आवाज चढला आणि तिनं तो चढू दिला. "तीस वर्षं आवरतेय मी, भाऊजी! तुम्ही यायचं, बोलायचं, सांडायचं, आणि निघून जायचं. मागे मी ह्यांना आवरते. चार-चार दिवस हा माणूस जेवत नाही, ठाऊक आहे? तीनदा नापास, तीनदा नापास! सांगा ना मग सगळं. तिसऱ्यांदा कधी नापास झाले ते सांगा की ह्या मंडळींना!"

"सुचेता," शशिधर म्हणाला, "नको."

"नको कसं? अण्णा गेले त्या आठवड्यात नापास झाले! साताऱ्याहून तार आली. थोरले तुम्ही. तुम्ही म्हणालात, माझ्या ऑपरेशन्स लागल्यात, शशी, तू जा. हे गेले. अग्नी ह्यांनी दिला. तुमचा मान होता तो, ह्यांनी दिला. अस्थी सावडल्या, उलट पावली विमानात बसले, आणि उतरून तसेच परीक्षेला गेले. डोक्यावर केस नव्हते, डोळ्याला डोळा लागला नव्हता. हे सांगितलंत कधी भाषणात? अण्णांची गोळी जन्मभर मिरवलीत. अण्णांना खांदा कुणी दिला ते सांगायला मात्र तुमची जीभ कधी उचलली नाही!"

वैभवी बाबांकडे बघत होती. तिला हे ठाऊक नव्हतं. कुणालाच ठाऊक नव्हतं. भाऊजी खिशातली गाडीची किल्ली चाचपू लागले. सुचेताला त्यांची तिळमात्र दया आली नाही.

"आजी काय म्हणाल्या ते ऐकलंत ना? इंग्रजीतच सांगितलं त्यानं, गोळ्यांचा घोटाळा व्हायला जागा नाही. ज्यानं सांडलं त्यानं भरायचं."

शशिधर वळला आणि आत गेला. गेला. नेहमीसारखा आत जाऊन बसला. तिनं सगळं उधळलं, पोरीचा साखरपुडा, नवऱ्याची झाकली मूठ, सगळं. आत कपाट उघडल्याचा आवाज आला. डबा खडखडला.

शशिधर बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात चहाच्या साखरेचा डबा होता. बिस्किटांचा जुना, झाकण चेपलेला, आत चमचा तसाच. तो दादाच्या समोरून गेला, पण थांबला नाही. आजीपुढे उभा राहिला, तिच्या त्या रुंद तळहातावर चमचाभर साखर घातली. मग रादूच्या. मग वैभवीच्या.

"आमच्यात ह्याला साखरपुडा म्हणतात," तो आजीला इंग्रजीत म्हणाला. "पुडा नसला तरी चालतं. साखर लागते." आणि मग मराठीत, कुणाकडेच न बघता, "मुलगी माझी आहे. मी दिली."

वैभवी त्याच्या गळ्यात पडून रडू लागली. रादूनं साखर तोंडात टाकली आणि पुढे काय करायचं ते न कळून शशिधरच्या पाया पडला, डोक्यावर हात ठेवायच्या आधीच उठला, पुन्हा पडला. मिलिंदच्या बायकोनं निरांजन पेटवलं. आजीनं डोळे पुसून टोपी पुढे केली. शशिधरनं ती घेतली आणि होती तिथे, अण्णांच्या शेजारी, ठेवून दिली.

"मधुमती!" भाऊजींनी खिशातून किल्ली काढली. "कोट घे. निघायचंय."

मधुमतीवहिनी स्वयंपाकघराच्या दारात श्रीखंडाचं पातेलं घेऊन उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग पातेल्याकडे.

"तुम्ही व्हा पुढे," त्या म्हणाल्या. "मी जेवून येईन. ट्रेन आहे की मँचेस्टरला." आणि रादूला वाढायला गेल्या.

पानं मांडली गेली. माणसं साखरेला वळसा घालून, भिंतीच्या कडेकडेनं जेवणाच्या खोलीत गेली. पुरुषोत्तमभाऊजी तिथेच मधोमध उभे राहिले. एका हातात गाडीची किल्ली, भोवती सगळी साखर. दाराकडे जायचं तर ती तुडवल्याशिवाय वाट नव्हती. त्यांनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा टोपीकडे, आणि किल्ली खिशात टाकली.

सुचेता भिंतीला टेकून उभी होती.

"तो केर ओढायचा हूव्हर कुठे असतो?" भाऊजींनी विचारलं. तीस वर्षं ह्या घरी येत होते, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"जिन्याखाली," सुचेता म्हणाली, आणि जागची हलली नाही.